आधी मीटर, मग पार्ट

माझेरी गाव मागे पडलं की वरंधा घाटाचा खरा चढ लागतो, आणि आमची गाडी नेमकी तिथेच मान टाकायची. डिझेलवरची जुनी फोर बाय फोर, सुरुवातीच्या पिढीचं कॉमन रेल इंजिन. महाडकडच्या शेतावरून तांदळाची पोती भरून भोरकडे निघालं की सपाटीला कसलीही तक्रार नसे. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की चेक लाइट पेटायचा, टर्बोची शिट्टी थांबायची आणि कितीही ॲक्सिलरेटर दिला तरी इंजिन उठायचं नाही. मागे गाड्यांची रांग, एका अंगाला दरी, शेजारच्या सीटवर आई. कडेला थांबून चावी बंद करून पुन्हा चालू केली की काही घडलंच नाही अशी गाडी चालायची. पुढचा खडा चढ आला की पुन्हा तेच.

याला लिंप मोड म्हणतात. एखाद्या सेन्सरच्या आकड्यावरचा इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, म्हणजे ईसीएमचा, भरवसा उडाला की तो डिझेल तोडतो आणि गाडी कशीबशी घरी पोचेल एवढीच ताकद ठेवतो. इंजिन वाचवण्यासाठी ते योग्यच आहे. पण घाटात लोड असताना अचानक ताकद गेली की काय होतं, ते चालवणाऱ्यालाच कळतं.

गॅरेजमध्ये स्कॅनर लागला आणि निदान ऐकायला मिळालं, ‘रेल प्रेशरचा कोड आहे.’ म्हणून डिझेल फिल्टर बदलला. लाइट परत आला. मग रेलवरचा सेन्सर नवा बसला. लाइट परत आला. इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून पाहिलं, तर चारही बाटल्यांत डिझेल सारखंच. आता हाय प्रेशर पंप खोलायचा, असं ठरत होतं. पंपाचा खर्च ऐकून मी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो मागून घेतला.

त्या फोटोतच अर्धं उत्तर होतं. कोड पी०१९२ होता, पी००८७ नव्हता. दोन्हींत रेल प्रेशर हे शब्द येतात, पण अर्थ वेगळा. पी००८७ म्हणजे रेलमधला दाबच कमी पडतोय; तिथे फिल्टर, पंप, इंजेक्टर यांच्याकडे बघावं लागतं. पी०१९२ म्हणजे सेन्सरकडून येणारं व्होल्टेज नको तितकं खाली गेलंय. ही विजेची तक्रार झाली, डिझेलची नव्हे. शिवाय त्याखाली दुसरा कोड होता, पी०१०७. तो इनटेकमधली हवा मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरचा, आणि तोही व्होल्टेज खाली गेल्याचाच. दोन वेगळ्या जागचे सेन्सर एकाच क्षणी कसे बिघडतील?

भोरमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना मी तो फोटो दाखवला. त्यांनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. गाडी रिकामी असताना होतं का? थंड इंजिनावर होतं का? उताराला कधी झालंय का? मग म्हणाले, “ताई, सेन्सर मेला असता तर तुमच्या अंगणातही मेलाच असता. चढालाच का मरतो, ते बघू.”

या दोन्ही सेन्सरना तीन-तीन वायरी. एक ईसीएमकडून येणारी पाच व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नल. आमच्या गाडीत दोघांची पाच व्होल्टची लाइन एकच. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना काकांनी रेल सेन्सरच्या कपलरमध्ये मागून बारीक पिन सारली. सप्लाय बरोबर पाच, सिग्नल अर्धा व्होल्ट. सगळं जसं हवं तसं. मग त्यांनी पिनेला लांब वायर जोडली, ती बॉनेटच्या फटीतून आत घेतली आणि मीटर मिन-मॅक्सवर लावून डॅशबोर्डवर टेपने चिकटवला. गाडीत पोती भरली आणि आम्ही घाटाकडे निघालो.

सपाटीला मीटर पाचवरून हलला नाही. चढाला लाइट पेटला, आणि मीटरने धरून ठेवलेला सगळ्यात खालचा आकडा होता ०.२. नवा सेन्सर, सशक्त पंप, चार धडधाकट इंजेक्टर, पण पाच व्होल्टच क्षणभर गायब!

रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले. काका बॉनेट उघडून बाजूला उभे राहिले. “ब्रेक घट्ट दाबा, पहिला टाका, क्लच जरासाच सोडा.” मी क्लच सोडला तसं इंजिन एका अंगाला उचललं गेलं आणि मीटर कोसळला. क्लच दाबला, पाच व्होल्ट परत. इंजिन बंद करून काकांनी टॉर्च मारला. टर्बोच्या पाइपला धरणाऱ्या ब्रॅकेटची धार एका जागी घासून चकचकीत झाली होती. तिला टेकूनच वायरिंगचा जुडगा गेला होता. त्याला धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. वरची कापडी टेप झिजलेली, आणि आत एका वायरीचं तांबं नखभर उघडं. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं होतं, म्हणून लोड आला की इंजिन जास्त झुकायचं, तांबं ब्रॅकेटला टेकायचं आणि पाच व्होल्ट थेट अर्थला जायचे.

नंतरच्या बऱ्याच गाड्यांत अशा बिघाडाला पी०६४२ हा स्वतंत्र कोड येतो, सेन्सरचा सप्लायच खाली गेल्याचा. आमच्या ईसीएमने तो कधी दिला नाही. त्याला दिसत होते फक्त दोन गप्प झालेले सेन्सर, आणि तेवढंच तो सांगत होता.

वायर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, जुडगा ब्रॅकेटपासून दूर नव्या क्लिपमध्ये बांधला, माउंटिंग बदललं. त्यानंतर भरल्या गाडीने तोच घाट चढलो, पार वाघजाईच्या मंदिरापर्यंत, आणि लाइट पेटला नाही. अजूनही पेटलेला नाही.

जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ‘सेन्सरचा कोड आलाय’ एवढ्यावर पार्ट बदलू देऊ नका. पूर्ण कोड नंबरासकट लिहून घ्या, त्या सेन्सरच्या कपलरला पाच व्होल्ट येतात का ते मीटर लावून आपल्यासमोर दाखवायला सांगा, आणि बिघाड ज्या परिस्थितीत होतो त्याच परिस्थितीत ते मोजायला लावा.