नावानिशी

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन पुण्याची चुलतबहीण आहे, पण ग्रुपमध्ये जीव आहे तो आप्पाकाकांमुळे. कराडपासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेली माणसं सकाळी फोन हातात घेतात तेव्हा आप्पांचा मेसेज येऊन पडलेला असतो. आजची तिथी, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी. आप्पांची उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली. मोबाइलवरही ते पत्राची शिस्त मोडत नाहीत. वर 'सर्वांस सप्रेम नमस्कार', खाली 'आप्पा'. दुसरीकडून आलेला मजकूर पुढे धाडतानाही ते त्याखाली वेगळ्या ओळीत आपलं नाव घालतात. मला त्यांची ही सवय फार मोलाची वाटते. बोललो त्याची जबाबदारी माझी, असं ते न सांगता सांगत असतात.

म्हणूनच त्या दिवशीचा मेसेज वाचून मला धसका बसला. एका बाईचा फोटो होता. खांद्यावर चादरींचं गाठोडं, कडेवर मूल. आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी उतरली आहे, चादरी विकायच्या निमित्ताने घरं हेरतात, सर्व ग्रुपवर पाठवा, असा मजकूर. आणि खाली, 'सर्वांनी काळजी घ्यावी. आप्पा.' बघता बघता खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी लिहिलं, धन्यवाद आप्पा, बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकते.

इंटरनेटवर खोटं पसरतं ते तोंड लपवून वावरणाऱ्यांमुळे, असं आपण नेहमी ऐकतो. घरच्या ग्रुपमध्ये कुणाचंच तोंड लपलेलं नसतं आणि खोटं पसरतं ते नेमकं त्यामुळेच. तो मजकूर कुणी रचला हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, तशी गरजही कुणाला वाटली नाही. आमचा विश्वास आप्पांवर होता. आप्पांचा त्यांच्या पेन्शनर मित्रावर असणार, त्या मित्राचा आणखी कुणावर. अशी चांगल्या माणसांच्या नावांची साखळी धरूनच अफवा गावोगाव पोचते.

ती कुठवर पोचू शकते हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडची पाच माणसं तिथे आली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्या भागात आधीच फिरत होते. जमावाने त्या पाचजणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण मेले. त्याच रात्री मालेगावात अशाच एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, त्यांच्याबरोबर लहान मूल होतं. तिथे स्थानिक लोकांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस आले आणि ती माणसं वाचली.

त्या दिवसांत देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जाहिरातपट होता. त्यात शेवटी ते पोर परत आणून सोडलेलं दिसतं. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. याने वेग कमी झाला, हे चांगलंच झालं. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असंही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं. मग उरतो तो ज्याचा त्याचा अंगठा.

आणि उरते आपली रीत. वडीलधाऱ्यांना चारचौघांत खोडायचं नाही, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. फार तर नंतर बाजूला घेऊन सांगावं. प्रत्यक्ष भेटीत मी ही रीत पाळते आणि ती मला पटतेही. पण ग्रुपमध्ये बाजूला घेऊन सांगितलं तर आप्पांचा मान राहतो आणि मजकूर पन्नास फोनांत तसाच राहतो. त्या बाईची बाजू मांडायला ग्रुपमध्ये कुणीच नसतं. 'सावध राहिलेलं बरं, त्यात कुणाचं काय जातंय' असं म्हणणारे सगळे ग्रुपच्या आतले असतात. ज्याचं जायचं तो बाहेर, उन्हात, गाठोडं घेऊन दारोदार फिरत असतो.

धाकट्या वहिनीने लिहिलं, आणि सगळ्यांसमोर लिहिलं. 'आप्पा, नमस्कार. मी आत्ता आपल्या पोलीस स्टेशनला फोन केला होता. अशी एकही तक्रार नाही म्हणाले. ती बाई कोण आहे हे आपल्याला माहीत नाही. तिच्या कडेवर तिचंच मूल असेल. फोटो काढून टाकाल का?'

घरच्या सुनेने चुलतसासऱ्यांना असं विचारावं हे सगळ्यांना रुचलं नाही. एका आत्यांनी लगेच लिहिलं, मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नव्हे. मी तिचे शब्द पुन्हा वाचले. त्यात उर्मटपणाचा लवलेश नव्हता. आधी फोन करून खात्री केली, मग बोलली. याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. तसं मी ग्रुपवर लिहिलं.

आप्पांनी फोटो काढून टाकला. तासाभराने त्यांचा नवा मजकूर आला. 'सर्वांस सप्रेम नमस्कार. मघाचा मजकूर खोटा होता. शहानिशा न करता मी तो पाठवला. सूनबाईंनी वेळीच निदर्शनास आणले. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी हेही तिथे पाठवावे. आप्पा.'

हाच मजकूर त्यांनी भजनी मंडळाच्या आणि पेन्शनरांच्या ग्रुपवरही टाकला. मग वही काढून, ज्यांना ज्यांना वेगळा पाठवला होता त्यांची नावं लिहिली आणि एकेकाला फोन लावले. दोघांनी उचलला नाही. काकू म्हणाल्या, उद्या करा. आप्पांनी पायात चपला सरकवल्या आणि त्या दोघांच्या घरी जायला निघाले.