उसळी न घेणारे प्रश्न

डिसेंबर आला की गूगल वर्षभराच्या शोधांची यादी जाहीर करतं. आयपीएल असते, सिनेमे असतात, 2023 साली चांद्रयान-3 होतं. ही यादी वाचून देशाच्या मनात काय आहे ते कळलं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. सर्वांत जास्त काय शोधलं गेलं हे ती सांगतच नाही; आदल्या वर्षाच्या मानाने कशाने मोठी उसळी घेतली, तेवढंच सांगते. मग जे वर्षानुवर्षं रोजच विचारलं जातं, ते त्यात येणार कसं?

क्वचित मात्र ती यादीही काळजाला हात घालते. 2020 साली भारतात ‘माझ्या जवळ’ काय आहे, या शोधांच्या यादीत अन्नछत्रांचा शोध सर्वांत वर होता. 2021 साली याच प्रकारच्या यादीत ऑक्सिजन सिलिंडर आला. त्या दोन नोंदींपुढे मला कितीतरी अग्रलेख फिके वाटतात.

एरवी आपली संस्कृती त्या यादीच्या बाहेरच नांदते. गोदावरीकाठच्या कोपरगावचंच बघा. नाशिककडे गंगापूर, दारणा धरणांच्या पाणलोटात पाऊस कोसळू लागला की गोदाकाठचा माणूस नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग शोधतो: किती क्युसेक सुटलं, आणखी वाढवणार का? उन्हाळ्यात बंधारा तोच, प्रश्न उलटा: कालव्याला आवर्तन कधी सुटणार? मधल्या दिवसांत कांद्याचा भाव, उसाची पहिली उचल, सातबारा, लाडक्या बहिणीचा हप्ता. 2017 पासून गूगलला मराठीत बोलून विचारता येतं. टाईप करणं ज्यांना कधी जमलं नसतं, त्यांचेही प्रश्न तेव्हापासून तिथे पोचू लागले. पण गूगल ट्रेंड्सचा आलेख शून्य ते शंभरच्या मापात सापेक्ष प्रमाण दाखवतो. फार थोड्यांनी विचारलेलं त्यात शून्यच दिसतं. गावाची अख्खी काळजी त्या शून्यात मावते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विचारण्याची एक जुनी गोष्टही याच गावाची आहे. कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे. कच संजीवनी विद्या मागायला आला तो इथेच, असं लोक मानतात. विद्येसाठी त्याला गुरूच्या घरी राहावं लागलं, गाई राखाव्या लागल्या, मरावंही लागलं. आणि त्या राहण्यातून गुरुकन्या देवयानीचं प्रेम आणि तिचा शाप, दोन्ही पदरी आलं. विचारायचं म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यात शिरायचं. आता तसं राहिलं नाही. तरी त्याबद्दल मी नुसता हळहळणार नाही, कारण पाळीबद्दल, कर्जाबद्दल, जगणं नकोसं झाल्याबद्दल जे घरात कुणाला विचारता आलं नसतं, ते आज रात्री अंथरुणात पडून विचारता येतं. असल्या प्रश्नांना घरात जागा नव्हती, हेही आपल्या संस्कृतीबद्दलच सांगून जातं.

या मंदिरात लग्नाला मुहूर्त लागत नाही, अशी श्रद्धा आहे. बाकी महाराष्ट्र मात्र दरवर्षी लग्नाचे मुहूर्त शोधतच असतो; तोही उसळी न घेणाराच प्रश्न.

आणि नांदूर मध्यमेश्वरच्या विसर्गाचा तो आकडा एकटं कोपरगाव बघत नाही. खाली पैठणलाही तो बघितला जातो, कारण तेच पाणी पुढे जायकवाडीत पोचतं. समन्यायी पाणीवाटपासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की आकडा चढताना बघून खालच्यांना हायसं वाटतं आणि वरच्यांच्या पोटात गोळा येतो.