कापूस कुणाचा, कांगा कुणाचा

टांझानियातल्या दार-ए-सलामची बाई बाळंतपणाला दवाखान्यात निघाली की पिशवीत आधी कांगे भरते. बाळ पुसायला, गुंडाळायला, स्वतः पांघरायला. पुढे तेच बाळ कांग्यानं आईच्या पाठीवर बांधलं जातं. मुलगी असली तर किनारपट्टीवर लग्नात तिला तांबडा-काळा-पांढरा ‘किसुतू’ कांगा मिळतो. आणि कुणाकडे मयत झाली की शेजारच्या बाया एक कांगा कमरेला गुंडाळून, दुसरा डोक्यावरून घेऊन तिथं जाऊन बसतात, चुलीकडचं काम हाती घेतात. यवतमाळ जिल्ह्यातून मी इथं नांदायला आले, तेव्हा भाषा येत नव्हती. या कापडाकडे बघत बघतच मला इथल्या बाया कळू लागल्या.

कांगा म्हणजे दीडेक मीटर लांब आणि मीटरहून थोडं अधिक रुंद असं सुती कापड. ते जोडीनंच विकतात. चहूबाजूंनी काठ, मध्ये नक्षी आणि तिच्या खाली एका ओळीत छापलेलं वाक्य. कांग्याचा खरा जीव त्या वाक्यात असतो. ‘नानी कामा मामा’, म्हणजे आईसारखं कोण, हा आईला द्यायचा. ‘उसिसाफिरिये न्योता या म्वेंझियो’, दुसऱ्याच्या ताऱ्यावर भिस्त ठेवून नाव हाकारू नकोस, हा शेजारणीला सुनावण्यासाठीही नेसतात. जिच्याशी बिनसलंय तिच्या दारावरून तो नेसून एक फेरी मारली की काम झालं. तिनं जाब विचारलाच, तर मी फक्त कापड नेसले, एवढं उत्तर पुरतं. माझ्या शेजारणीनं मला पहिला कांगा दिला, तेव्हा वाक्य निवडण्यात तिची उहुरू स्ट्रीटच्या दुकानांत अख्खी सकाळ गेली होती. चारचौघांत तोंड उघडायची मुभा नसलेल्या बायांनी बोलायची ही वाट स्वतः काढली, याचं मला फार मोल वाटतं.

या कापडाला गुलामीचीही आठवण आहे. झांजिबारमध्ये 1897 साली गुलामगिरी कायद्यानं संपली. तोवर गुलाम बायांच्या अंगावर अमेरिकेहून येणारं कोरं ‘मेरिकानी’ किंवा निळीत बुडवलेलं ‘कानिकी’ असे. कानिकी आपल्या हिंदुस्थानातूनही जाई. सुटका झालेल्या बायांनी ते टाकलं आणि रंगीत, छापील कांगा अंगावर घेतला. आता आपण कुणाच्या मालकीच्या नाही, हे त्यांनी असं जगाला दाखवलं. व्यापारात मात्र भारतीय पुढे होते. कादरदिना हाजी इसाक यांची 1887 सालची मोंबासातली पेढी अजून नावाजलेली आहे, त्यांच्या कांग्यांवर ‘माली या अब्दुल्ला’ ही खूण असते. सुरुवातीची वाक्यं अरबी लिपीत छापत, नंतर रोमन आली.

यवतमाळच्या माणसानं कापड हातात घेतलं की तो विचारणारच, कापूस कुठला? टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला शिन्यांगा, सिमियू, म्वान्झा या भागांत भरपूर कापूस होतो. आपल्यासारखेच लहान शेतकरी, आपल्यासारखीच पावसावरची शेती. सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि बहुतेक रुई परदेशी जाते. पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या काळात, 1968 साली, चीनच्या मदतीनं इथं ‘उराफिकी’ कापड गिरणी उभी राहिली. देशाचा कापूस देशातच नेसायचा, हा त्यामागचा विचार. तो मला आजही पटतो. पण गिरणीचे ते दिवस गेले, आणि आता बाजारातले कितीतरी कांगे भारतातून छापून येतात.

आमच्याकडे तरी वेगळं काय घडलं? किलिक निक्सन कंपनीनं यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ रेल्वेची अरुंद रूळवाट टाकली, तीच मुळी कापसासाठी. गाठी मुंबईला गेल्या, तिथून मँचेस्टरला. गोऱ्यांचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पांढरकवडा, राळेगाव, वणीच्या जिनिंगमधून गाठीच बाहेर पडतात. माझी माय कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधून कापूस वेचायची. ते लुगडं तिच्या पऱ्हाटीच्या कापसाचं कधीच नव्हतं. आता वेचणाऱ्या बायांच्या अंगावर सुतीही दिसत नाही, पॉलिस्टरच्या साड्या असतात. भर उन्हात, कापसाच्या शेतात! हे मला अन्यायाचं वाटतं.

दार-ए-सलामच्या बाईकडे कापूस राहिला नाही, गिरणी राहिली नाही, पण कापडानं काय बोलायचं हे तीच ठरवते. आमच्या बायांच्या हाती तेवढंही आलं नाही. म्हणून माझं गावाकडच्या बचत गटांना कळकळीचं सांगणं आहे. पापड-लोणच्यांच्या जोडीनं एकदा सुती कापड छापून बघा. ठशांच्या छपाईला गिरणी लागत नाही. त्यावर आपल्या वऱ्हाडी म्हणी घाला, जात्यावर बसून आज्यांनी जे सांगितलं ते घाला, आणि सासूला, सुनेला, सावकाराला जे बोलायचं राहून गेलंय तेही घाला. पहिल्या जोडीचे पैसे मी आगाऊ पाठवीन.