गोखल्यांचा विराम

चऱ्होलीहून नाटकाला जायचं तर भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह त्यातल्या त्यात जवळ. कामावरून सुटून, वाहतुकीतून वाट काढत तिसऱ्या घंटेपर्यंत पोचणं प्रत्येकाला जमत नाही. मग विक्रम गोखले घरी टीव्हीवरच भेटतात, ‘नटसम्राट’ चित्रपटातले रामभाऊ होऊन. त्यात नाना पाटेकर सगळी चौकट आवाजाने भरून टाकतात. गोखले अर्ध्या वाक्यावर थांबतात, नजर बाजूला नेतात आणि उरलेलं वाक्य जवळजवळ स्वतःशीच बोलतात. नजर हटत नाही ती त्या थांबण्यावरून.

हे थांबणं चार पिढ्यांचं आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना बाई मिळेना, तेव्हा तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र पार्वती होत्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी त्यांची लेक कमला. नवऱ्यापासून वेगळं होऊन, फिरत्या नाटक मंडळीत लेकीला वाढवणारी ही आई. जनरीतीने दोघींना नावंच ठेवली असणार. कमलाबाईंचं लग्न झालं नाटकवाल्या रघुनाथराव गोखल्यांशी. ऐन पंचविशीत वैधव्य आलं, पदरात तीन मुलगे. त्या काळी अशा बाईने कोपऱ्यात बसायचं. कमलाबाई रंगमंचावर उभ्या राहिल्या, प्रसंगी पुरुषपार्टही केले आणि पोरं मोठी केली. त्यांतले चंद्रकांत नट झाले. विक्रम त्यांचे चिरंजीव. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर सुंदर माहितीपट केला आहे. म्हातारपणीही त्या बाईंचा ठसका तसाच!

अशा आजीचा नातू १९७७ साली जयवंत दळवींचा ‘बॅरिस्टर’ झाला, दिग्दर्शन विजयाबाई मेहतांचं. विलायतेत शिकलेला, सुधारणेच्या गप्पा मारणारा आणि विधवेच्या बाजूने उभं राहायची वेळ आली की कच खाणारा माणूस. घरात कमलाबाई असताना ही भूमिका उसनी कशी वाटेल?

या नाटकावरच्या ‘रावसाहेब’ चित्रपटात ती भूमिका अनुपम खेर यांनी केली. गोखले हिंदीवाल्यांच्या लक्षात राहिले ते ‘अग्निपथ’मधले गायतोंडे म्हणून. ‘अनुमती’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खान यांच्यासोबत विभागून. घशाच्या दुखण्यामुळे २०१६ साली गोखल्यांनी रंगभूमी सोडली आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात ते गेले.

‘बॅरिस्टर’ पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. घरात कुणी असेल तर त्यांना आजच विचारा.