पावसाळ्यापूर्वीचा एक प्रश्न

विश्वामित्रीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हा बडोदेकरांना पुराची ओळख नव्याने करून द्यावयास नको. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला; ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदी पुन्हा वस्तीत शिरली आणि तिच्यामागोमाग मगरीही आल्या. तरीही घरात तयारीचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी ‘बघू पुढे’ म्हणून तो टाळतात.

तो टळू न देण्याचे काम चौदा-पंधरा वर्षांची मुले उत्तम करतात. मात्र तेथे उपदेश चालत नाही, विचारपूस चालते. आमच्या कन्येने आजोबांना एवढेच विचारले, “आजोबा, मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं?” आजोबांनी उठून भिंतीवर हात टेकवला. घरातल्या कागदपत्रांची पेटी आणि आजींची औषधे त्या हाताच्या खालीच होती. दोन्ही त्याच संध्याकाळी माडीवर गेली.

मुलांनी पुढची कामेही अशीच अंगावर घ्यावीत. माणशी रोज तीन लिटर या हिशेबाने पिण्याचे पाणी भरून ठेवावे. पाणी चढण्यापूर्वी विजेचा मेन स्विच कोणी बंद करावयाचा, हे घरात ठरवून घ्यावे. १०८ आणि ११२ हे क्रमांक दारामागे ठळक लिहावेत. आणि शेजारी तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी असतील, तर त्यांना वर कोणी आणावयाचे, हे आजच त्यांच्याकडे जाऊन सांगून यावे. त्या रात्री त्यांना हाका मारीत बसावे लागू नये.