बुधवारची दुपार

सातारा

चि. सौ. मनू हिस,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, दाढ काढताना चिमी रडेल, तेवढ्याचीच भीती वाटते. घरी आणली की सुटले." फोनवर मी काही बोलले नाही, कारण मागे तुझ्या सासूबाई होत्या आणि तुलाही डबा भरायचा होता. पण तेव्हापासून मनातून ते वाक्य जात नाही. दवाखान्यातलं रडणं डॉक्टर सांभाळतील, त्यांना त्याची सवय असते. सांभाळायचं आहे ते घरी आल्यावर, तेही ती रडत नसेल तेव्हा. म्हणून लिहिते आहे.

मुलांच्या दंतविभागात मी एकोणीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, हे तुला माहीत आहे. तरीही माझ्याच घरात जे झालं ते तुला कधी सांगितलं नाही. तुझा दादा सात वर्षांचा होता. खालची दाढ किडली होती, भूल देऊन ती भरून घेतली. दोन मिनिटांचं रडणं, मग पोरगं हसायला लागलं. दुखत नाही म्हणाला. मी त्याला शेजारच्या काकूंकडे बसवलं आणि दुपारच्या ड्यूटीला गेले. चार वाजता काकूंचा निरोप आला. जाऊन पाहते तर खालचा ओठ डाव्या बाजूला जांभळासारखा टरारलेला आणि आतून चावून चावून सोलवटलेला. ओठ बधिर होता, रबरासारखा लागत होता, म्हणून गंमत वाटून तो तासभर चघळत बसला होता. दुखतच नव्हतं, तर थांबेल कशाला?

दुसऱ्या दिवशी जखमेवर पांढरट-पिवळा थर आला. घरातले म्हणाले, पू झाला. जवळच्या एका डॉक्टरांनी पाहून अँटिबायोटिक लिहून दिलं. तो पू नव्हता, तोंडातल्या जखमेवर असा थर येतोच, आणि आठ-पंधरा दिवसांत ओठ आपोआप भरून येतो. औषधाची गरज नव्हती. पण आठवडाभर पोराला तिखट वरणाचा घास घेववत नव्हता, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून मला घास गिळवत नव्हता. हे मला ठाऊक असलेलं होतं, मनू. रोज दहा आयांना मी हेच बजावत होते.

खालच्या जबड्याला दिलेल्या भुलीचं असं असतं की दाताची बधिरता तास-दीड तासात उतरते, पण ओठ, जीभ आणि गाल यांची तीन ते पाच तासही टिकते. तेवढा वेळ चिमीसमोर कोणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं, शेजारच्या खोलीत असून चालणार नाही. ओठ चावणं, गाल आत ओढणं, नखांनी ओरबाडणं, सगळं बघायचं. "बधिरता गेली का?" असं विचारलंस तर ती हो म्हणेल, मुलं खेळायला सुटायला हो म्हणतातच. दोन्ही बाजूंच्या ओठांना बोट लावून विचार, "दोन्हीकडे सारखंच लागतंय?" तोवर चावायचं काही देऊ नकोस आणि गरम तर काहीच नको, कारण तोंड भाजलेलं तिला कळणार नाही. भूक लागली तर गार दूध किंवा गार पेज, कपाने, तुझ्यासमोर. ती झोपली तरी जवळ बस, झोपेतही मुलं ओठ चघळतात.

आता रक्ताचं. काढलेल्या दाढेच्या जागी कापसाचा बोळा देतील, तो अर्धा तास दाबून धरायला लाव आणि दर दोन मिनिटांनी काढून बघू नकोस. आपल्या घरात तोंडातून रक्त दिसलं की पहिलं काम चूळ भरायला लावायचं. इथे नेमकं तेच करायचं नाही. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तिच्याखालीच जखम भरते. चूळ भरली, थुंकली, नळीने ओढलं की गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. म्हणून चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही. लाळ गिळायला सांग. शहाळं द्यायचं तर फुलपात्रात ओतून, नळी नको. पहिला दिवसभर लाळ गुलाबी दिसेल, एका थेंबाने वाटीभर लाळ रंगते. उशीवर जुना पंचा घाल. रक्त खरंच वाहतंय असं वाटलं तर स्वच्छ गॉजची ओली घडी पुन्हा अर्धा तास दाबून धर. त्यानेही थांबलं नाही तर फोन.

औषधाबद्दल नीट वाच. तापासाठी आपण देतो तेच पॅरासिटामॉल दुखण्यालाही चालतं, पण माप वयावर नसतं, वजनावर असतं: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. चिमी 18 किलोची असेल तर एका वेळी 180 ते 270 मिलिग्रॅम. घोटाळा पुढे आहे. दुकानात हेच सिरप 5 मिलिलिटरला 120 किंवा 125 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 250 चंही मिळतं. बाटल्या सारख्याच दिसतात, आणि घरात बहुधा दोन्ही पडलेल्या असतात. लेबल वाच, बाटलीबरोबरच्या मापानेच दे, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नको. सर्दीच्या पुष्कळ औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ते एकाच वेळी देऊ नकोस. पहिला डोस बधिरता उतरायच्या आधी, डॉक्टरांना विचारून दे, दुखायला लागण्याची वाट बघू नकोस. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. निमेसुलाइडवर तर 2011 पासून बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात बंदी आहे. कुणी "आमच्या नातवाला गुण आला" म्हणून जुनी बाटली काढून दिली तरी घेऊ नकोस.

लवंगेचं तेल, हळद, तुरटी यांतलं काहीही त्या ताज्या खड्ड्यात जाऊ द्यायचं नाही. लवंगेच्या तेलाने मुलांची हिरडी भाजते, मी पाहिलं आहे. सासूबाईंना हे मोडता घातल्यासारखं वाटेल, म्हणून त्यांना दुसरं काम दे. गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळं हे त्यांच्याइतकं मऊ तुला जमायचं नाही. चिवडा, चकली, शेव मात्र काही दिवस डब्यातच राहू दे.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून जेवणानंतर हळू चूळ, तीही पाणी न गिळता भरता येत असेल तरच. बाकीचे दात पहिल्या रात्रीही घासायचे, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन, तूच घासून दे; त्या रात्री फेस थुंकायला न लावता पुसून घे. दुसऱ्या दाढेवर स्टीलची टोपी बसवणार आहेत ना? तिच्या कडेची हिरडी एक-दोन दिवस ठणकेल, टोपी उंच लागते असंही ती म्हणेल, ते बहुधा काही दिवसांत सवयीचं होतं. चिक्की आणि चिकट गोळ्या बंद, टोपी निघून येते.

चेहरा सुजून सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली सरकायला लागली, ताप चढला, गिळता येईना, पोर मलूल पडलं तर सकाळची वाट पाहू नकोस. श्वासाला त्रास झाला तर सरळ इस्पितळ गाठ.

आणखी एक. "दुधाचेच दात, पडणारच होते" असं कुणीतरी म्हणेलच. चिमीच्या मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात, पक्क्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. काढलेल्या दाढेच्या जागेसाठी तारेची कडी लागेल का, हे येत्या बुधवारी दाढ काढायला जाशील तेव्हा डॉक्टरांना विचार. आम्ही पडलेला दात कौलावर टाकायचो. चिमीला हवा असेल तर तिची दाढ मागून घे, तिच्या हातात दे. मुलाला आपल्या तोंडातलं काय गेलं ते बघायचं असतं, त्यातून भीती कमी होते. "बघ, चॉकलेटं खाल्लीस ना" असं त्या दिवशी कुणालाही म्हणू देऊ नकोस. रात्री बाटलीतून गोड दूध पाजलं ते आपण मोठ्यांनी. आणि इथून पुढे "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य तुमच्या घरातून जाऊ दे.

तू म्हणालीस, अर्धी रजा टाकली आहे, दोन वाजता ऑफिसला जाशील. साडेअकराला इंजेक्शन, म्हणजे ओठ चार-साडेचारपर्यंत बधिर. मनू, पूर्ण रजा घे.

तुझी,
मावशी