इंटरव्हलनंतरचं भूत

पिक्चरमधल्या भुताला घाबरून थिएटरबाहेर पळालेलं कुणी आहे तुमच्यात? लाजू नका, हात वर करा. माझा तर केव्हाचाच वर आहे!

साल २००४, जानेवारी महिना. अप्पा बळवंत चौकाजवळच्या ‘प्रभात’ला महेश कोठारेंचा ‘पछाडलेला’ लागलेला. मी सात वर्षांची. आई, बाबा, ताई आणि मी, अशी चार तिकिटं. गंमत म्हणजे पिक्चर कॉमेडी होता. अख्खं थिएटर खो खो हसत होतं. मला मात्र घाम फुटलेला. कारण पडद्यावर होता एक जुना वाडा, आणि आम्ही राहायचो शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यात. काळोखा लाकडी जिना, त्यावर एकच पिवळा बल्ब आणि संडास थेट चौक ओलांडून मागच्या बाजूला. पडद्यावरच्या भुताला राहायला आमचं घर अगदी सोयीचं होतं, हे मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं.

दिलीप प्रभावळकरांचा इनामदार भुसनळे आला आणि मी भोकाड पसरलं. (‘झपाटलेला’तला १९९३ चा तात्या विंचूही त्यांचाच. एका सभ्य माणसानं मराठी पोरांच्या किती झोपा उडवल्या असतील!)

इंटरव्हलला बाबा मला बाहेर घेऊन आले, ते परत आत गेलेच नाहीत. सेकंड हाफभर आम्ही दोघं पायरीवर बसून वेफर्स खाल्ले. आतून हशा यायचा. बाबा रागावले नाहीत. फक्त हशा आला की एकदा दाराकडे बघायचे.

घरी जाताना बाजीराव रोडनं चालत निघालो. वाटेत शनिवारवाडा. १७७३ मध्ये इथंच नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांची ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, असं पेठेतलं प्रत्येक पोर छातीठोक सांगतं. ताईनं बरोबर तिथंच माझ्या कानात ती हाक मारली. उरलेला रस्ता मी बाबांच्या कडेवरून पार केला.

पुढचा महिनाभर रात्री संडासला जायचं म्हटलं की बाबा टॉर्च घेऊन चौकात उभे राहायचे आणि मोठ्यानं गुणगुणायचे. आवाज आला की समजायचं, बाबा आहेत.

आता मी वाकडला राहते. हॉरर बघते तो लॅपटॉपवर, एकटीनं, हेडफोन लावून. फार भीती वाटली की पॉज. मग दुसऱ्या टॅबमध्ये पिझ्झा मागवायचा. सोपं आहे सगळं, पण अशी भीती दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात शनिवार पेठेत गेले होते. वाड्याच्या जागी अपार्टमेंट झालंय, त्यातच आई-बाबा राहतात. संध्याकाळी बाबांबरोबर ‘प्रभात’वरून चक्कर मारली. १९३४ पासूनचं हे थिएटर, पण २०१४ च्या अखेरीस ‘प्रभात’ हे नाव उतरलं आणि पुढे ते ‘किबे लक्ष्मी’ झालं. बाबा अजून ‘प्रभात’च म्हणतात.

तिथं उभ्या उभ्याच विचारलं, ‘‘बाबा, तेव्हा तुम्ही मला ओरडला का नाहीत? तुमचाही पिक्चर बुडला की.’’

बाबा हसले. १९७९ मध्ये ‘जानी दुश्मन’ बघताना ते म्हणे खुर्चीखाली लपले होते. ‘‘अण्णांनी कान धरून वर बसवलं. पैसे मोजलेत, बघ म्हणाले. शेवटपर्यंत डोळे मिटून बसलो होतो. तेव्हाच ठरवलं, आपल्या पोरांना असं बसवायचं नाही.’’

एवढं साधं. आणि मी वीसेक वर्षं समजत होते की बाबांना पिक्चरच आवडला नव्हता!

तुमच्याही घरात कुणाचा तरी पिक्चर तुमच्यामुळे अर्धा राहिला असेल. एकदा विचारून बघा.

त्या रात्री ‘पछाडलेला’ लावला, इंटरव्हलपासून पुढे. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. पिक्चर संपला, मी पाणी प्यायला उठले, तर माझ्या आधी उठून बाबांनी पॅसेजमधला दिवा लावला होता.